तळघरातले चार रविवार

मंगळवार, ५ मार्च

आज पार्सल आले. सामान असे:

फिल्मचे रोल, प्रत्येकी छत्तीस फोटोंचे, नग दहा: १८०
डेव्हलपरची पावडर, दोन पुड्या: २२
लेन्स, जुनी पण चांगल्या स्थितीतली, एक: ६४०
टपालखर्च: १४
एकूण ८५६.

बेरीज तीनदा केली, तीनदा तीच आली. लेन्स आमटीच्या वाटीएवढीसुद्धा नाही. मी म्हणाले, "एवढ्यात शिवणयंत्र आलं असतं."

हे म्हणाले, "शिवणयंत्राला अंधारात दिसत नाही."

यांना अंधारातले दिसणे हवे आहे. एकतीस वर्षे पुढच्या खोलीत पासपोर्टचे फोटो काढतात. मान सरळ, हनुवटी खाली, हलू नका. पण जीव सगळा रविवारच्या तळघरात. धान्याच्या जुन्या गोदामाखाली ते तळघर आहे, खिडक्या विटांनी बुजवलेल्या, छताला एक मिणमिणता बल्ब. बाजार दुपारी बंद झाला की चार वाजता तिथे गाणे सुरू होते, हमाल, भाजीवाल्या, शिंपी, सगळे खुर्च्यांवर. यांनी तिथे हौसेने काढलेल्या फोटोंचे बुटांचे सात खोके माळ्यावर आहेत. एकाही फोटोचे कुणी काही दिले नाही, आणि यांनी मागितले नाही.

आता पहिल्यांदाच रीतसर काम आले आहे. तिथे गाणाऱ्या मोठ्या बाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत, जन्मभर इस्त्रीचा धंदा केला. त्यांची पहिली तबकडी निघते आहे आणि कंपनीला वर छापायला त्यांचा गातानाचा फोटो हवा. बाईंची अट एकच, फ्लॅश नको आणि जादा दिवा नको. वीस वर्षांपूर्वी ऐन सुरात कुणी डोळ्यांवर फ्लॅश उडवला, गाणे तुटले, आणि बाई वर्षभर गायल्या नाहीत. कंपनीच्या माणसाने परवा पुन्हा तेच केले. बाईंनी त्याला सांगितले, "उजेडच हवा तर बाहेर ऊन आहे की. रस्त्याचे काढा." झाले, तो गेला. मग कुणीतरी यांचे नाव सुचवले.

मार्चचे चार रविवार दिले आहेत, फिल्म सोमवारी धुवायची. तोवर फोटो झाला नाही तर तबकडीवर फुलदाणीचे चित्र छापणार. हे ऐकून बाई म्हणाल्या म्हणे, "फुलदाणी? मी काय टेबल आहे?"

देवासमोर बोलले आहे, फोटो मनासारखा होईतो चहात साखर घेणार नाही.

शुक्रवार, ८ मार्च

माझ्याकडे वहीचे काम आले. प्रत्येक फोटोचा नंबर, शटर किती वेळ उघडे होते आणि बाई काय गात होत्या हे लिहायचे. हिशेबाची वही मी चोवीस वर्षे ठेवते आहे, हे काही अवघड नाही.

यांनी समजावून सांगितले. उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते, सेकंदाचा पंधरावा भाग, कधी आठवा. मला वाटले, एवढासा तर वेळ. हे म्हणाले, "एवढ्यात माणूस पापणी हलवतो, मान वळवतो, श्वास घेतो. तेवढं सगळं फोटोत फासलं जातं." मग कोपर बरगडीला कसे लावायचे, अर्धा श्वास सोडून कसे थांबायचे ते करून दाखवले. "पासपोर्टला मी लोकांना हलू नका म्हणतो. इथं मलाच म्हणायचं."

दुपारी वन्सं आल्या होत्या, म्हणजे यांची धाकटी बहीण. म्हणाल्या, "वहिनी, दादाचं पत्र भिंगातून वाचावं लागलं. मुंगीनं लिहिल्यासारखं अक्षर! तुझी संगत लागली शेवटी, कागद वाचवतोय."

मला बरे वाटले, कारण हे मीही पाहते आहे. बोलत नाही इतकेच, नाहीतर नजर लागायची. अलीकडे चहा अर्धाच कप मागतात. दाढी एक दिवसाआड, पाते जास्त टिकते. बटणांचे शर्ट कपाटात ठेवून एकच डोक्यातून घालायचा स्वेटर घालतात, त्यामुळे इस्त्रीही वाचते. एवढ्या वर्षांच्या माझ्या बोलण्याचे चीज झाले म्हणायचे.

रविवार, १० मार्च

रस्त्यावर डोळे दिपतील असे ऊन, आणि अकरा पायऱ्या उतरलो तर काही म्हणजे काही दिसेना. मी भिंत धरून उभी राहिले. हळूहळू बल्ब दिसला, मग बल्बखाली बाईंचे कपाळ, मग बासरीवाल्यांचे गाल. बासरीवाल्यांना सगळे फुंकर म्हणतात. त्यांनाही ते नाव आवडते.

यांना तळघरात काम करताना पाहायचा योग मला आजवर आला नव्हता. बूट दाराशी काढून नुसत्या मोज्यांवर खुर्च्यांमधून फिरत होते, कुणाच्या गुडघ्याला धक्का नाही. कॅमेऱ्याला माझी जुनी लोकरीची टोपी कापून घातलेली, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. फोटोवाला आहे हे कुणाच्या गावीही नव्हते. एवढा मोठा माणूस इतका नाहीसा होऊ शकतो!

आणि बाई. गाताना मान थोडी डावीकडे, डोळे मिटलेले, उजवा हात इस्त्री फिरवावी तसा हवेतून सरकतो. माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. प्रत्येक गाण्याचा शेवटचा शब्द यायच्या आधी बाई एकदम थांबतात. हात थांबतो, मान थांबते, चेहऱ्यावरचे सगळे जागच्या जागी येते. माझ्या जपातल्या एका नामाएवढाच वेळ. मग शब्द येतो. दर वेळी माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला की मी वहीत तिथे बरोबरची खूण केली. का केली कोण जाणे.

तिसऱ्या गाण्यात वही लिहायचे भानच राहिले नाही. दोन फोटोंची नोंद राहून गेली. हे खरे ते लिहून ठेवते.

सोमवार, ११ मार्च

फिल्म धुतली. हे न्हाणीघरात दार लावून रोल टाकीत भरतात, मग बाकीचे उजेडात. वाळल्यावर खिडकीशी धरून पाहिली.

एकही धड नाही. बाईंचे दोन चेहरे, त्यांना चार डोळे. फुंकरांची बासरी फणीसारखी दिसते.

मी म्हणाले, "बाई हलल्या असतील." मग नीट पाहिले, तर माइकचा दांडाही दोन-दोन. मागचा खांबही तसाच. आता माइकचा दांडा काही गात नव्हता, आणि खांब तर गोदामाच्या जन्मापासून हललेला नाही. म्हणजे दोष उघड उघड लेन्सचा. जुना माल चांगला म्हणून आमच्या गळ्यात मारला!

"तुमचं काय मत?" मी विचारले.

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "असेल."

"असेल काय? आहेच. मी लिहिते त्या दुकानदाराला."

हे काही बोलले नाहीत. स्वभावच भिडस्त.

बुधवार, १३ मार्च

लेन्स परत पाठवली, विमा उतरवून, सोबत निगेटिव्हची एक पट्टी पुराव्यासाठी. पत्र मीच लिहिले. "आम्ही साधी माणसे आहोत, परंतु डोळे आम्हालाही आहेत" हे वाक्य चांगले जमले. शेवटी लिहिले की देव सगळे बघतो.

रविवार, १७ मार्च

घरातल्या आधीच्या लेन्सने काही होईना. काळोख तिच्या आवाक्यातला नाही. चार फोटो काढून यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि नुसते ऐकत बसले, उजवा हात खिशात. हल्ली बसले की हात खिशात असतो, मोठ्या साहेबासारखे दिसतात.

मध्यंतरात बाई जवळ आल्या. "काय फोटोवाले, आज खिशातून काढताय का फोटो?"

सगळे हसले, हेही हसले. मी मात्र लेन्सची सगळी कहाणी सांगितली, दुकानदाराला काय लिहिले तेही. बाईंनी ऐकून घेतले. मग माझ्याकडे न बघता यांच्याकडे बघितले, बराच वेळ. म्हणाल्या, "एक रविवार गेला तर गेला. मी एकाहत्तर वर्षं थांबलेय."

दोन रविवार उरले. चहा कडू लागतो आहे.

शनिवार, २३ मार्च

लेन्स परत आली! बदलून नाही, तीच. सोबत दुकानदाराचे पत्र. उतरवून ठेवते.

"सप्रेम नमस्कार. लेन्स तपासली. कॅमेरा स्टँडवर पक्का बसवून अंधाऱ्या खोलीत वर्तमानपत्राचा फोटो काढला, तो सोबत आहे. छोट्या जाहिरातींची अक्षरेसुद्धा वाचता येतील. लेन्स निर्दोष आहे. राग मानू नये, पण आपल्या निगेटिव्हमध्ये सगळेच सारखे हलले आहे, माणसेही, खांबही. लेन्सने तसे होत नाही. माझे वडील घड्याळे दुरुस्त करत. साठीनंतर त्यांच्या चिमट्यातून काटे पडू लागले. आम्ही वर्षभर चिमटे बदलत राहिलो. कळावे."

वर्तमानपत्राचा फोटो मी चष्मा लावून पाहिला. खरेच, सगळे वाचता येते. "विकणे आहे, शिडी, लाकडी" इथपर्यंत. पण लेन्सच्या पत्रात चिमट्यांचे काय काम? म्हातारा माणूस असेल, बोलायला घरात कुणी नसेल. मला थोडी दया आली.

यांनी पत्र दोनदा वाचले, घडी केली आणि मला परत न देता खिशात ठेवले.

रविवार, २४ मार्च

यांनी खांबाला पाठ टेकून, कोपर पोटाशी घट्ट धरून फोटो काढले. घामाघूम झाले होते. तळघरात तर थंडी असते. माझ्या खुणा आठ.

सोमवार, २५ मार्च

हे लिहायला उशीर केला. दिवसभर लिहवले नाही.

न्हाणीघराची कडी शनिवारी तुटली. रोल भरताना दाराच्या फटीतून उजेड आला तर फिल्म गेली. म्हणून आज पहिल्यांदाच मी आत गेले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. इतकी वर्षे मी बाहेरच असे. आत मिट्ट काळोख, स्वतःचा हात दिसेना. हे स्टुलावर बसले होते. फिल्म डबीतून काढून रिळावर गुंडाळायची आणि रीळ टाकीत ठेवायचे, एवढेच काम. मी तोंडात नाम सुरू ठेवले.

तेवढ्यात टकटकटक असा बारीक आवाज येऊ लागला. मला वाटले नळ गळतो आहे. पाणी वाया जायला नको म्हणून पाठ दारावरून न हलवता अंधारातच हात लांबवून नळ गाठला. नळ कोरडा होता.

"अहो, कसला आवाज?"

आवाज मात्र थांबेना. पत्र्याच्या टाकीवर रीळ आपटत होते. मी एक पाय दाराला लावून वाकले, हात पुढे केला, आणि यांचा हात सापडला. मुठीत चिमणी धरावी तसा हात होता. मी वर माझा हात ठेवला. आवाज थांबला.

रिळावरून फिल्म अर्धवट लोंबत होती, त्यामुळे दिवा लावता येईना आणि बाहेर जाता येईना. बरे झाले, एकमेकांची तोंडे दिसत नव्हती.

"कधीपासून?" मी विचारले.

"मागच्या थंडीपासून."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तू अर्धा कप चहाचं कौतुक करत होतीस."

पूर्ण कप सांडतो म्हणून अर्धा. बटणे लागत नाहीत म्हणून स्वेटर. पाते लागते म्हणून दाढी एक दिवसाआड. अक्षर आपोआप बारीक होते. सगळे माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि मी त्याची बचत मांडत बसले.

हेच पुढे म्हणाले, "तू त्या दुकानदाराला लिहीत होतीस तेव्हा मी गप्प बसलो. चूक केली. पण मलाही वाटलं, निघाला लेन्सचाच दोष तर किती बरं होईल."

"ते मग बघू," मी म्हणाले. "आधी हे रीळ. कसं भरायचं ते सांगा."

यांनी सांगितले आणि मी भरले. टोक खाचेत घाल, कडांवरच बोट ठेव, दाबू नको, जाईल तशी जाऊ दे. माळ ओढावी तशी गेली.

फोटो धुऊन निघाले. हललेलेच होते. पण एक रविवार आहे.

मंगळवार, २६ मार्च

सकाळी हे म्हणाले, "कंपनीला कळवतो, होत नाही म्हणून."

"आणि बाईंनी फुलदाणी व्हायचं?"

"मग काढणार कोण?"

मी पोळपाट धूत होते. तोंडातून निघून गेले, "दाबायचं एक बटणच ना?" बोलले आणि भीतीने गार पडले. मॅट्रिकला चित्रकलेत मला काठावर पास केले होते.

हे बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हात पुसून ये."

गुरुवार, २८ मार्च

तीन दिवस सराव. पुढच्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद, कोपऱ्यात देवाची समई, आणि गाणाऱ्या बाई म्हणून हे स्वतः. यांचा सूर असा की शेजारणीने येऊन विचारले, "दादांचं पोट दुखतंय का?"

फिल्म घातली नव्हती. रिकामा कॅमेरा. फुकट सराव, म्हणून मला आवडला.

हे मागून सांगतात, मी करते. कोपर आत, पाय थोडे लांब, अर्धा श्वास सोड आणि थांब. थांबणे मला येते. जपात नाम श्वासाला बांधायची सवय आहे, दोन श्वासांच्या मधे एक जागा असते, तिथे सगळे निवांत असते. तिथेच बोट टेकवले. हे कान लावून शटरचा आवाज ऐकत होते. म्हणाले, "पुन्हा." मग म्हणाले, "पुन्हा." दहाव्यांदा काहीच बोलले नाहीत. वळून पाहिले तर डोळे पुसत होते.

"काय झालं?"

"मला हे शिकायला सहा वर्षं लागली," म्हणाले. "तू आहेस तरी कोण?"

इतक्या वर्षांनी हा प्रश्न!

रात्री जेवताना त्यांना माझी वही दाखवली, त्या खुणा. कशाच्या ते सांगितले. त्यांनी एकेक खूण बोटाखाली धरून निगेटिव्हशी ताडून पाहिली. खुणेजवळच्या फोटोंमध्ये खांब हलला आहे, दांडा हलला आहे, पण बाई वेगळ्या हललेल्या नाहीत. खांबाइतक्याच. म्हणजे त्या क्षणी त्या स्वतः स्थिर असतात.

"एकतीस वर्षं मी सुराच्या मागे धावलो," हे म्हणाले. "तू त्याच्या आधी जाऊन बसलीस."

मला सगळे समजले नाही, पण बरे वाटले.

रविवार, ३१ मार्च

अकरा पायऱ्या. बूट काढले. यांनी लोकरीची टोपी घातलेला कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि स्वतः वही घेतली.

बाई तयार होत होत्या. माझ्याकडे बघितले, यांच्याकडे बघितले. फुंकरांना म्हणाल्या, "जरा सरक रे, वहिनींना खांब लागेल." खांब लागेल हे त्यांना ठाऊक होते.

पहिल्या गाण्यात मी एकच फोटो काढला. दुसऱ्यातही एकच. यांनी कानात कुजबुज केली, "अगं, दाब की! फिल्म काय साखर आहे, मोजून घालायला?"

"साखर मी घेतच नाही सध्या," मी म्हणाले, आणि हे इतके फिसकन हसले की मागची भाजीवाली शू: म्हणाली.

मग मात्र मोजले नाही. हे उजेड बघून आकडा सांगत, "आठवा भाग," "आता पंधरावा," आणि डावा हात माझ्या खांद्यावर ठेवून असत. उजवा खिशात. बाई गाताना मी ऐकले नाही. खरे तर ऐकले, पण बोटाने. हात सरकतो आहे, सरकतो आहे, मान डावीकडे, आता येईल, आता येईल, आणि आले. सगळे थांबले. बाईंचा श्वास थांबला, माझाही थांबला. नाम. बोट.

मग शब्द आला आणि खुर्च्यांवरून एकदम उसासा निघाला. मला कळले, मी एकटी थांबले नव्हते. सगळे तळघर थांबते, दर वेळी.

शेवटच्या गाण्याला रोल संपला. एकोणीस खुणा यांनी केल्या, मुंगीच्या अक्षरात.

सोमवार, १ एप्रिल

न्हाणीघर. मी स्टुलावर, हे दाराला पाठ लावून. काळोखात यांचा आवाज तेवढा. हल्ली आवाजही हळू झाला आहे, तेही मी आजच मान्य केले.

पट्टी वाळल्यावर आधी बाईंकडे पाहिले नाही. माइकचा दांडा पाहिला. एकच होता. सुईसारखा. खांबाच्या विटा मोजता आल्या.

मग बाईंकडे पाहिले.

डोळे मिटलेले, हात हवेत, ओठ शब्दासाठी नुसते उघडलेले. बल्बचा उजेड कपाळावरून गालावर आला आहे आणि बाकी सगळा काळोख, पण काळोख रिकामा नाही, त्यात खुर्च्या आहेत, माणसे आहेत, वाट बघणारी. एकोणीसपैकी पाच असे आहेत.

हे जमिनीवर बसले. कितीतरी वेळ पट्टी उजेडाला धरून राहिले. त्यांच्या हातात पट्टी थरथरत होती आणि तीत बाई अगदी स्थिर होत्या.

मी देवाकडे फोटो मागितला होता. यांचा हात मागायला हवा होता. ते मला सुचले नाही. चहात साखर घातली, पण अर्धाच चमचा.

रविवार, ७ एप्रिल

मोठा फोटो छापून बाईंना नेऊन दिला. त्यांनी तो बल्बखाली नेला, मग पायऱ्या चढून वर उन्हात नेला. आम्ही मागे मागे.

"मी गाताना अशी दिसते?" म्हणाल्या. "मला आपलं वाटायचं मी रागावलेली दिसते. नवरा म्हणायचा, गाताना तुझ्याकडे बघवत नाही." फोटो जरा लांब धरला. "मेला खोटारडा."

मग त्यांनी यांचा उजवा हात खिशातून बाहेर काढला, आपल्या दोन्ही हातांत धरला. इस्त्रीने भाजल्याचे जुने डाग आहेत त्या हातांवर. म्हणाल्या, "लपवता कशाला? माझाही आवाज हलतो आता. लोक त्याला नक्षी म्हणतात."

गुरुवार, ११ एप्रिल

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी यांना चालायला लावले, बोटे जुळवायला लावली, नाव लिहायला लावले. मग आजाराचे नाव सांगितले. ते मी इथे लिहीत नाही. गोळ्या दिल्या आहेत, बरे होत नाही पण सावकाश चालते, असे म्हणाले.

घरी आलो तर कंपनीचे पत्र. फोटो पसंत आहे, तबकडीवर छापणार, खाली कुणाचे नाव घालायचे ते कळवा.

"तुमचंच," मी म्हणाले. "लेन्स तुमची, विद्या तुमची."

"आणि फोटो?"

"तो बाईंचा."

"मी एकतीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढले," हे म्हणाले. "एकाचा चेहरा दुसऱ्याच्या नावावर घालायचा नसतो. गुन्हा आहे तो." मग स्वतःच लिहायला बसले. दोन नावे लिहिली, आधी माझे. ते मुंगीएवढे आले, म्हणून कागद टाकून पुन्हा लिहिले. दुसरा कागदही टाकला. तिसऱ्यावर मोठे आले. कागद वाया गेले म्हणून मी काही बोलले नाही.

शनिवार, १३ एप्रिल

लेन्सच्या दुकानदाराला पत्र लिहायचे राहिले होते. लाज वाटत होती. आज कच्चे लिहिले, उद्या पक्के करून टाकीन.

"सप्रेम नमस्कार. मागच्या पत्रात मी आपणास नाही नाही ते लिहिले. लेन्स निर्दोष आहे. दोष माझ्या बघण्यात होता. त्या पत्रातले शेवटचे वाक्य तेवढे राहू द्यावे, देव सगळे बघतो. बाकीचे सगळे मी मागे घेते आणि क्षमा मागते. त्याच लेन्सने काढलेल्या फोटोची प्रत सोबत आहे. माइकचा दांडा पाहावा.

आपल्याकडे कॅमेरा टेकवायचा एका पायाचा स्टँड मिळाल्यास किंमत कळवावी. दोन उंचींना चालेल असा हवा. हे पाच फूट नऊ इंच आहेत आणि मी चार फूट अकरा. डॉक्टर म्हणतात गोळ्यांनी थोडी स्थिरता येईल, तेव्हा रविवार आलटून पालटून घ्यायचे ठरले आहे.

आणखी एक विचारायचे होते. आपण लिहिलेत की वडिलांच्या चिमट्यातून काटे पडू लागले आणि आपण वर्षभर चिमटे बदलत राहिलात. त्यानंतर त्यांनी काय केले, ते आपण लिहिले नाही. ते घड्याळांपाशी बसत राहिले का? कुणी त्यांच्या शेजारी बसत असे का, आणि बसत असेल तर ते माणूस नेमके काय करत असे? मी वाट पाहते आहे. स्टँडचे मागाहून कळवले तरी चालेल, पण हे एवढे कृपा करून उलट टपाली कळवावे."